१९६२ चे मेनन, १९६७ चे मेनन आणि आपली उपनगरं

(पोस्ट लांब आहे. चर्चगेट-बोरिवली स्लो लोकलमध्ये वाचून होईल एवढी.)

कुठल्याही निवडणुकीचा निकाल लागला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. हरलेला म्हणतो, "आम्हाला मीडियाने हरवलं." जिंकलेला म्हणतो, "मीडिया काहीही बोंबलो, जनता आमच्याबरोबर होती." गंमत म्हणजे पुढच्या निवडणुकीत निकाल उलटा लागला की हीच वाक्यं फक्त तोंडं बदलतात.

मग खरं काय? पेपर, चॅनल, आता मोबाईल, हे लोकांचं मत बनवतात की नाही?

याचं उत्तर शोधायला अमेरिकेत जायची गरज नाही. आपल्या अंधेरी-घाटकोपरच्या इतिहासातच ते आहे. एकच माणूस, तीच उपनगरं, मध्ये फक्त ५ वर्षं. पहिल्यांदा प्रचंड मतांनी विजय, दुसऱ्यांदा पराभव. त्या माणसाचं नाव व्ही. के. कृष्ण मेनन.

चाळिशीच्या आतल्या मित्रांसाठी थोडी ओळख. मेनन मूळचे केरळचे. उमेदीची वर्षं लंडनमध्ये काढली, तिथे भारताच्या स्वातंत्र्यासाठी प्रचार केला, पुढे तिथेच आपले उच्चायुक्त झाले. जानेवारी १९५७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत काश्मीरवर जवळजवळ ८ तास बोलले. त्याच वर्षी उत्तर मुंबईतून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत गेले आणि देशाचे संरक्षणमंत्री झाले. पंडित नेहरूंचे अत्यंत विश्वासू. स्वभाव मात्र तिखट. मित्र कमी, शत्रू भरपूर.

तेव्हाची उपनगरंही डोळ्यांसमोर आणा. बोरिवली आणि मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले ते १९५७ मध्येच. अंधेरीच्या पलीकडे शेतं, वाड्या, तबेले, मिठागरं. घाटकोपर-भांडुप-मुलुंडकडे कारखाने उभे राहत होते. मराठी, गुजराती, दक्षिणेकडचे, उत्तरेकडचे, सिंधी, ईस्ट इंडियन, सगळ्या प्रकारची वस्ती. टीव्ही नाही, मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते २ ऑक्टोबर १९७२ ला. रेडिओ सरकारचा. म्हणजे राजकारणाची बातमी येणार ती पेपरातून, सभेतून आणि माणसाच्या तोंडून.

*१९६२: सगळे विरोधात, तरी विजय*

फेब्रुवारी १९६२. मेननांसमोर उभे राहिले आचार्य जे. बी. कृपलानी. साधासुधा माणूस नाही. देश स्वतंत्र झाला तेव्हाचे काँग्रेसचे अध्यक्ष, गांधीजींचे जुने सहकारी. एप्रिल १९६१ मध्ये त्यांनी लोकसभेत मेननांच्या संरक्षण खात्याच्या कारभारावर घणाघाती भाषण केलं होतं. बिहारमधला आपला सीतामढी मतदारसंघ सोडून ते खास मेननांना पाडायला मुंबईत आले. प्रजा समाजवादी, स्वतंत्र पक्ष, जनसंघ, सगळे त्यांच्या पाठीशी.

आणि पेपर? इंग्रजी पेपरांचा मोठा भाग मेननांच्या विरोधात. डी. एफ. कराकांचं 'करंट' साप्ताहिक तर हात धुऊन मागे लागलेलं. मेननांच्या बाजूने जोरात उभं होतं ते रूसी करंजियांचं 'ब्लिट्झ'. ही निवडणूक इतकी गाजली की अमेरिकेच्या 'टाइम'ने फेब्रुवारी १९६२ च्या पहिल्याच अंकात मेननांना मुखपृष्ठावर घेतलं. कौतुक करायला नव्हे, हे सांगायला नकोच.

चीनचा प्रश्नही तेव्हा होताच. १९५९ पासून सीमेवर चकमकी झाल्या होत्या, आपले जवान मारले गेले होते. संरक्षणमंत्री झोपलेत का, असं कृपलानींचे कार्यकर्ते नाक्यानाक्यावर विचारत होते.

निकाल काय लागला? मेननांना कृपलानींच्या जवळपास दुप्पट मतं. फरक सुमारे १ लाख ४५ हजारांचा.

कसं काय? कारण मतदाराने ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं तो प्रश्न "मेनन चांगले की वाईट" हा नव्हताच. नेहरू स्वतः प्रचारात उतरले आणि त्यांनी ही निवडणूक आपल्या धोरणांची कसोटी करून टाकली. दिलीपकुमारसारखे सिनेमातले लोकप्रिय चेहरे सभांना आले. दोनच महिने आधी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला होता आणि त्या वेळचे संरक्षणमंत्री मेननच होते. मतदारासमोर प्रश्न उरला तो एवढाच: नेहरूंच्या बाजूने की विरोधात? या प्रश्नाला १९६२ साली उपनगरांत एकच उत्तर होतं.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९६२ च्या या लढतीत एक उमेदवार मल्याळी आणि दुसरा सिंधी. दोघांपैकी कुणीही मराठी नाही, मुंबईचाही नाही. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती, संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं रक्त अजून ओलं होतं. तरीही "यातला आपला कोण, बाहेरचा कोण" हा त्या निवडणुकीचा प्रश्न झाला नाही.

*मधली ५ वर्षं*

त्याच वर्षी २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. मेननांना संरक्षण खातं आणि मग मंत्रिमंडळच सोडावं लागलं. त्यांच्या जागी दिल्लीला गेले आपले यशवंतराव चव्हाण. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हाचंच.

पण इकडे मुंबईत दुसरं काहीतरी घडत होतं.

१३ ऑगस्ट १९६० ला बाळासाहेब ठाकरे आणि त्यांचे बंधू श्रीकांत ठाकरे यांनी 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केलं. प्रकाशन झालं ते मुख्यमंत्री यशवंतरावांच्याच हस्ते. सुरुवातीला व्यंगचित्रं, टोलेबाजी, सिनेमा, राजकारण. हळूहळू त्यात एक वेगळी गोष्ट येऊ लागली: याद्या. मुंबईतल्या अमुक कंपनीत, तमुक कार्यालयात अधिकारी कोण कोण आहेत, त्यांच्या नावांच्या याद्या. बहुतेक नावं दक्षिणेकडची. टेलिफोन डिरेक्टरीतूनसुद्धा नावं काढली जायची. सदराचं शीर्षक होतं 'वाचा आणि थंड बसा'. पुढे ते 'वाचा आणि उठा' असं झालं.

पत्रकार म्हणून मला या याद्यांचं फार कुतूहल वाटतं. कारण त्यात भाष्य जवळपास नसायचं. अग्रलेख लिहून कुणी पटवून देत नव्हतं. नुसती नावं. आणि नावं खोटी नव्हती. टायपिंग-शॉर्टहँडच्या परीक्षा देऊन नोकरीसाठी वणवण करणाऱ्या गिरणगावातल्या, पार्ल्यातल्या, भांडुपमधल्या पोराने ती यादी वाचली की त्याच्या मनातल्या रागाला पत्ता मिळायचा. त्याची बेकारी खरी होती, अपमानही खरा होता. ते नाकारण्यात अर्थ नाही. ज्या मोठ्या पेपरांनी त्या पोराकडे वर्षानुवर्षं पाहिलंच नाही, त्यांनी नंतर नाकं मुरडली, हेही खरं.

पण यादी जेवढं सांगते त्यापेक्षा जास्त ती न सांगता सोडते. एकूण नोकऱ्या किती? मालक कोण? भरती कशी होते? महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली, सरकार मराठी माणसांचं, मग नवे उद्योग आणि नोकऱ्या किती वाढल्या? १९६५-६६ चा दुष्काळ, धान्याची टंचाई, जून १९६६ मधलं रुपयाचं अवमूल्यन, याचा नोकऱ्यांवर काय परिणाम झाला? हे प्रश्न यादीत मावत नाहीत. खरी माहिती देऊनसुद्धा प्रश्न अरुंद करता येतो. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट आहे.

१९ जून १९६६ ला शिवसेनेची स्थापना झाली. ३० ऑक्टोबर १९६६ ला शिवाजी पार्कवर पहिला मेळावा झाला आणि मैदान भरून गेलं. पक्षाने आधी वाचक जमवले आणि मग सदस्य, असं उदाहरण आपल्या देशात फार सापडत नाही. एक अंक एक माणूस वाचत नसे. चाळीत फिरायचा, सलूनमध्ये पडून असायचा, गणपती मंडळाच्या पोरांमध्ये त्यावर चर्चा व्हायची, सकाळच्या गाडीत ग्रुपमधला एकजण मोठ्याने वाचून दाखवायचा.

दुसऱ्या बाजूला आचार्य अत्र्यांचा 'मराठा' होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये सुरू झालेल्या या दैनिकाने संयुक्त महाराष्ट्राची लढाई रोजच्या रोज घराघरांत नेली होती. आता 'मराठा' आणि 'मार्मिक' एकमेकांवर तुटून पडत होते. पण १९५७ मध्ये 'मराठा'ने विचारलेला "मुंबई कुणाची" हा प्रश्न १९६० मध्ये सुटला होता. 'मार्मिक'ने पुढचा प्रश्न विचारला: "मुंबई महाराष्ट्राची झाली, पण मराठी माणसाची झाली का?"

*१९६७: तोच माणूस, दुसरा प्रश्न*

फेब्रुवारी १९६७ ची निवडणूक आली तेव्हा मतदारसंघांची फेररचना होऊन ईशान्य आणि वायव्य मुंबई असे वेगळे मतदारसंघ झाले होते. मेननांना ईशान्य मुंबईतून उभं राहायचं होतं. मुंबई काँग्रेसवर तेव्हा स. का. पाटलांची पकड. मेनन बाहेरचे आहेत, उमेदवार इथलाच हवा, असं सांगत पक्षाने तिकीट नाकारलं.

बघा, शब्द कुठून कुठे पोचला. एका साप्ताहिकाच्या पानावर ज्या शब्दाभोवती वर्षानुवर्षं वातावरण तापलं, तो शब्द आता देशावर राज्य करणाऱ्या पक्षाच्या तिकीट वाटपाचं कारण झाला. मेनन १९५७ मध्येही बाहेरचे होते आणि १९६२ मध्येही. तेव्हा याच पक्षाने त्यांना डोक्यावर घेतलं होतं.

काँग्रेसने उमेदवार दिला स. गो. बर्वे. हाही मोठा माणूस. आयसीएस अधिकारी, पानशेतचा पूर आल्यावर पुण्याची घडी बसवणारे, पुढे राज्यात मंत्री. मेनन काँग्रेस सोडून अपक्ष उभे राहिले, डावे पक्ष त्यांच्या मागे. शिवसेना बर्व्यांच्या प्रचारात उतरली आणि निवडणुकीचा सूर ठरून गेला: मराठी बर्वे की मद्रासी मेनन. तेव्हा दक्षिणेकडचा कुणीही असो, मुंबईत तो 'मद्रासी'च.

बर्वे निवडून आले, सुमारे १३ हजार मतांनी.

दुर्दैवाने काही दिवसांतच बर्व्यांचं निधन झालं. पोटनिवडणूक लागली. काँग्रेसने त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांना उभं केलं. मेनन पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. मुंबईचं दार त्यांच्यासाठी कायमचं बंद झालं. पुढे ते १९६९ मध्ये बंगालमधल्या मिदनापूरमधून आणि १९७१ मध्ये त्रिवेंद्रममधून लोकसभेत गेले.

तुम्ही म्हणाल, त्यांना चीनच्या युद्धाने हरवलं, त्यात पेपरांचं काय? बरोबर आहे, युद्धाचा डाग मोठा होता. पण जरा आकडे बघा. युद्धानंतर, पक्षाच्या चिन्हाशिवाय, अपक्ष म्हणून मेननांना दीड लाखाहून जास्त मतं पडली. १३ हजारांचा फरक हा चिडलेल्या देशाने दिलेला धक्का नव्हे, तो काठावरचा निकाल आहे. काँग्रेसचं चिन्ह, बर्व्यांची स्वच्छ प्रतिमा, चीन, या सगळ्यांचा वाटा होताच. पण काठावरच्या निकालात शेवटचा ढकला कशाने दिला जातो? ज्या प्रश्नावर लोक नाक्यावर भांडत असतात, त्या प्रश्नाने.

त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईत काय झालं तेही बघा. तिथे खुद्द स. का. पाटील पडले. ज्यांना मुंबईचा अनभिषिक्त सम्राट म्हणत, त्यांना जॉर्ज फर्नांडिसांनी हरवलं. जॉर्ज मंगळूरचे. म्हणजे तेही 'बाहेरचे'च की. पण तिथे त्यांनी पोस्टरं लावून मतदाराला सांगितलं की पाटलांना हरवता येतं, तुम्ही हरवू शकता. तिथला प्रश्न झाला सत्तेच्या मस्तीचा. शहर एक, आठवडा एक, प्रश्न दोन. एकीकडे बाहेरचा हरला, दुसरीकडे बाहेरचा जिंकला.

*मग पेपर करतात तरी काय?*

हा विषय जगभर अभ्यासला गेलाय. अमेरिकेत १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या एका जिल्ह्यात ६०० मतदारांना दर महिन्याला गाठून विचारलं. वाटलं होतं, पेपर आणि रेडिओ ऐकून लोक धडाधड मतं बदलत असतील. फारच थोड्यांनी बदललं. माणसं पेपरपेक्षा माणसांचं ऐकत होती. पेपर वाचणारा एखादा जाणकार, आणि त्याचं ऐकणारे बाकीचे. आपल्या लोकलच्या ग्रुपमधला मोठ्याने वाचणारा तो हाच.

मग १९६८ मध्ये मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोघांनी चॅपेल हिल या गावात १०० मतदारांना विचारलं, तुमच्या मते देशापुढचे मोठे प्रश्न कोणते? आणि ते ताडून पाहिले त्या दिवसांतल्या बातम्यांशी. दोन्ही याद्या जवळपास जुळल्या. म्हणजे पेपर तुम्हाला काय मत असावं हे फारसं शिकवू शकत नाहीत, पण मत कशावर असावं हे ठरवतात.

आपल्या उपनगरांनी हे ५ वर्षांत दोनदा दाखवून दिलं होतं. १९६२ मध्ये 'करंट'ने आणि इंग्रजी पेपरांनी उत्तर शिकवायचा प्रयत्न केला: मेननांना पाडा. लोकांनी ऐकलं नाही. 'मार्मिक'ने प्रश्न बदलला. उत्तर लोकांनी आपणहून दिलं.

*आता आपल्याकडे या*

१३ मे २०२४. घाटकोपरला छेडा नगरच्या पेट्रोल पंपावर वादळात होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. १२० फूट बाय १२० फूट. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. ते काही लपवून ठेवलेलं नव्हतं. पूर्व द्रुतगती मार्गावरून रोज लाखो लोक त्याच्याकडे बघत जात होते, त्यात पत्रकारही होतेच. तक्रारी झाल्या होत्या, पण तो 'विषय' झाला नव्हता. विषय व्हायला १७ जीव जावे लागले. आठवडाभराने, २० मे ला, त्याच ईशान्य मुंबईत मतदान झालं. त्या प्रचारात घाटकोपर-मुलुंडमध्ये काय गाजत होतं आठवा. मराठी-गुजराती. ५७ वर्षांनी, तोच पट्टा आणि जवळजवळ तोच प्रश्न.

मराठीचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. मराठी माणसाला घर नाकारलं जातं तेव्हा माझंही रक्त तापतं. पण तो एकच प्रश्न उरला की बाकी सगळ्यांचं फावतं, हे कळायला हवं.

आणखी एक. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली. पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. जवळपास ४ वर्षं २२७ प्रभागांना नगरसेवक नाही. वर्षाला ७४ हजार कोटींहून मोठं बजेट असलेली पालिका प्रशासकाच्या हाती. या काळात रात्री ९ च्या चर्चेत हा विषय तुम्ही किती वेळा पाहिला? आणि तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर? कुणी खोटं सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही, बस्स.

उपनगरांतली स्थानिक साप्ताहिकं एकेक करून बंद पडली किंवा वाढदिवसाच्या जाहिरातींवर जगतायत. पहिल्या पानावर साहेबांचा फोटो असेल तर आतल्या पानावर त्यांच्याच प्रभागातल्या नाल्याची बातमी कशी छापणार? मी या धंद्यात वीसेक वर्षं काढली आहेत, हे गणित मला तोंडपाठ आहे. ती जागा आता मोबाईलने घेतली. तिथे 'वाचा आणि उठा' दिवसातून पन्नास वेळा येतं. यादी असते, फोटो असतो, अर्धा व्हिडिओ असतो. कधी खोटा, पण अनेकदा खरा. म्हणून "हे खरं आहे का?" एवढं तपासून भागत नाही. पुढचं विचारावं लागतं: हे मला आजच का दाखवलं जातंय? यात काय सोडलंय? आणि याच्या गोंगाटात माझा कुठला प्रश्न बुडतोय?

१९६७ मध्ये ईशान्य मुंबईच्या मतदारासमोर दोन कर्तबगार माणसं उभी होती. रेशन, नोकऱ्या, गाड्यांची गर्दी, पाणी, यावर दोघांना घाम फोडता आला असता. त्याऐवजी दोघांची आडनावं तपासली गेली. जिंकले ते बर्वे गेले, हरले ते मेनन गेले, उपनगरांचे प्रश्न जागच्या जागी राहिले.

म्हणून पुढच्या वेळी कुणी मत मागायला दारात आलं, की त्याने आणलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी आपला प्रश्न विचारा. नाल्याचा, स्टेशनवरच्या पुलाचा, रखडलेल्या रिडेव्हलपमेंटचा, होर्डिंगच्या परवानगीचा. उत्तर काय येतं ते ग्रुपवर टाका.

आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना १९६७ च्या प्रचाराबद्दल नक्की विचारा. कुणाच्या भिंतीवर काय रंगवलं होतं, कुणाच्या सभेला कोण आलं होतं, घरात कुठला पेपर यायचा. लिहून ठेवा. आपल्या उपनगरांचा हा इतिहास पुस्तकांत फारसा नाही, तो अजून त्यांच्याच डोक्यात आहे.